जमीन गेली की घेतली?

उरण शहरालगत समुद्राच्या अंगाला द्रोणागिरी नावाचा डोंगर आहे. संजीवनी घेऊन निघालेल्या मारुतीच्या हातून पर्वताचा एक तुकडा इथे निखळला, असे तिथली माणसे सांगतात. वर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत, पायथ्याला ओएनजीसीचा प्रकल्प. पण आज कोणी ‘द्रोणागिरीत फ्लॅट घेतला’ म्हणाले, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे डोंगर येत नाही. येतो तो सिडकोने नवी मुंबईच्या दक्षिण टोकाला आखलेला नोड: रुंद रस्ते, कंटेनरचे ट्रेलर, सेक्टरांचे क्रमांक. १२ जानेवारी २०२४ रोजी लोकल उरणपर्यंत धावू लागली, तेव्हा वाटेतल्या एका स्थानकाच्या फलकावरही ‘द्रोणागिरी’ हेच नाव होते. ग्रामस्थांनी हरकत घेतली. स्थानक बोकडवीरा गावच्या जमिनीवर आहे, तर नाव बोकडवीरा द्या. शेजारच्या ‘न्हावा शेवा’ला नवघर म्हणा आणि ‘रांजणपाडा’ला धुतूम.

असल्या मागणीकडे शहरातला वाचक ‘पुन्हा नामांतराचा वाद’ म्हणून पाहतो आणि पान उलटतो. मला मात्र या गावकऱ्यांना भाषेतली एक गोष्ट नेमकी कळली आहे असे वाटते. डोंगराच्या नावाने ओळखली जाणारी जमीन कोणाचीच नसते. गावाच्या नावाने ओळखली जाणारी जमीन कोणाची तरी असते. फलक वाचून उतरणाऱ्या प्रवाशाला बोकडवीरा हे नाव दिसले, तर इथे आधी कोणी राहत होते का, हा प्रश्न निदान पडू शकतो.

इथे ‘द्रोणागिरी’ हे नाव खोटे आहे असे कोणी म्हणत नाही. डोंगर खरा, नोड खरा. खोटा शब्द एक ना एक दिवस पकडला जातो. अनेक खऱ्या शब्दांमधून एक उचलला आणि बाकीचे बाजूला ठेवले, तर पकडायला काहीच हाती लागत नाही, आणि वाचकाची समजूत मात्र घडून गेलेली असते. द्रोणागिरी परिसरात पन्नास वर्षांत हे इतक्या वेळा आणि इतक्या उघडपणे घडले आहे की भाषेचा अभ्यास करायला दुसरीकडे जावे लागू नये.

पाणजे गावाजवळचे पाणी घ्या. हिवाळ्यात तिथे स्थलांतरित पक्षी उतरतात, रोहित येतात. पक्षिनिरीक्षक आणि पर्यावरण कार्यकर्ते त्याला ‘पाणथळ’ म्हणतात. नियोजनाच्या कागदात तीच जागा ‘धारण तलाव’ आहे आणि द्रोणागिरी नोडच्या आराखड्यात ती सेक्टरांच्या क्रमांकांनी मोजली जाते. तिन्ही नावे आपापल्या जागी बरोबर आहेत. धारण तलाव ही कल्पना तर नवी मुंबईच्या रचनेतच आहे: शहर सखल भागात वसलेले, त्यामुळे भरतीच्या वेळी समुद्राकडच्या झडपा मिटायच्या, शहरातले पावसाचे पाणी तलावात साठवायचे आणि ओहोटी लागली की सोडून द्यायचे. (या परिसरातले शेतकरी खारबंदिस्तीच्या बांधाला उघाडी बसवून पिढ्यान्‌पिढ्या साधारण हेच करत आले. अभियंत्याच्या नकाशावर आले तेव्हा त्याचे नाव बदलले, एवढेच.)

पण नाव ठरले की पुढचा प्रश्नही ठरतो. ‘धारण तलाव’ म्हटले की वाचक विचारतो, पाणी किती मावते? गाळ काढला का? ‘पाणथळ’ म्हटले की विचारतो, इथे काय जगते? ‘सेक्टर’ म्हटले की विचारतो, भाव काय? भरतीचे पाणी आत येण्याचे मार्ग बंद झाल्याची तक्रार पर्यावरण कार्यकर्ते वर्षानुवर्षे करत आहेत. पाणथळीत भरती येत नसेल तर ती बातमी आहे. सेक्टरात भरती येत नसेल तर ती सोय आहे.

कायद्यात तर शब्दाच्या व्याख्येवर सगळे उभे असते. २०१७ च्या पाणथळ जागांविषयीच्या केंद्रीय नियमांत कशाकशाला पाणथळ म्हणायचे नाही याची यादी आहे: नदीची पात्रे, भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव, मत्स्यशेती, मीठ आणि सिंचन यांसाठी उभारलेल्या रचना. उरण-पनवेलची खाडीकाठची जमीन डोळ्यांपुढे आणा. भातशेती, मिठागर, बांधलेले पाणी, असाच तर तो सगळा पट्टा. पक्ष्याला यातला फरक कळत नाही, नियमाला कळतो.

उलट बाजूने खारफुटीचे झाले. ‘चिखलातली झुडपे’ ते ‘कांदळवन’ हा प्रवास फार जुना नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये राज्यभर खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली आणि सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात खारफुटीचा नाश म्हणजे नागरिकांच्या मूलभूत हक्कावर आघात मानला. सरकारी जमिनीवरची कांदळवने ‘संरक्षित वन’ या शब्दाच्या छत्राखाली आली. झाडे तीच, चिखल तोच. एका शब्दामुळे ती साफ करण्याची गोष्ट न राहता राखण्याची गोष्ट झाली.

महसुली कागद यापेक्षाही मुरलेला आहे. सात-बाराच्या उताऱ्यावर ‘पोटखराबा’ असा रकाना असतो. सर्व्हे नंबरच्या पोटात असलेली, लागवडीला नालायक ठरवलेली जमीन. तिच्यावर सारा नाही. आणि सारा नाही म्हणजे उत्पन्न नाही, असे कागद वाचणाऱ्याच्या मनात आपोआप बसते. खाडीकाठच्या पोटखराब्यात निवट्या, चिंबोरी, कोलंबी मिळायची, हे त्या रकान्यात मावत नाही. ब्रिटिश मोजणीदाराने जमीन पाहिली ती साऱ्याच्या नजरेने. त्याचा शब्द त्याच्यामागे राहिला आणि दीडशे वर्षांनी जमिनीची किंमत ठरवणाऱ्याच्या टेबलावर येऊन बसला.

आणि ज्याच्या नावावर पोटखराबाही नाही, त्याचे काय? भरपाई ‘खातेदारा’ला मिळते. खाडीत जाळे टाकणारा कोळी कशाचाच खातेदार नाही. न्हावा शेवाच्या बंदराने त्याची खाडी गेली, तरी कागदावर त्याचे काही गेलेलेच नसते. न्हावा, गव्हाण, उरण कोळीवाडा आणि हनुमान कोळीवाडा इथल्या मच्छीमारांनी हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी लवादाच्या पुणे खंडपीठाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्यावी असा निकाल दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. दाद मागणाऱ्यांच्या संघटनेचे नाव पाहा: पारंपरिक मच्छीमार बचाव कृती समिती. यातला ‘पारंपरिक’ हा शब्द शोभेचा नाही. मालकीचा कागद नसलेल्या माणसाला, आम्ही इथे आधीपासून आहोत, हे सांगण्याचा तो एकमेव मार्ग होता.

इथपर्यंत नामांची गोष्ट झाली. नाम बदलले की निदान लक्षात येते, भांडता येते. क्रियापदाचे तसे नाही.

नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांचा सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा परिसर ठरवण्यात आला. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. त्याआधीचे वाक्य पुन्हा वाचा: ‘ठरवण्यात आला’. कोणी ठरवला? सरकारी मराठीचा हा लाडका प्रयोग माझ्याही लेखणीतून सहज उतरतो. वाचताना खटकतही नाही. ‘जमिनी संपादित करण्यात आल्या’, ‘निवाडे जाहीर करण्यात आले’, ‘ताबा घेण्यात आला’. साऱ्या गोष्टी होत जातात, करणारा कुठेच दिसत नाही.

पण सरकारलाच दोष देऊन चालणार नाही. ज्यांची जमीन होती ते शेतकरी काय म्हणतात? ‘आमची जमीन सिडकोत गेली.’ उरण-पनवेलच्या कोणत्याही गावात हेच वाक्य ऐकू येते. जमीन जणू स्वतःच्या पायाने उठून गेली. ‘सिडकोने आमची जमीन घेतली’ असे रोजच्या बोलण्यात क्वचितच येते. ते सभेतले वाक्य आहे.

मराठीला इथे मोठी सोय आहे. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तुटणे-तोडणे, जळणे-जाळणे, बुडणे-बुडवणे: आपल्या क्रियापदांच्या अशा जोड्याच आहेत. एखाद्या-दुसऱ्या ध्वनीच्या फरकाने कर्ता आत येतो किंवा बाहेर राहतो. घर पडले, घर पाडले. एवढासा फरक, पण वाचकाच्या मनातले चित्र पार वेगळे.

याचा परिणाम किती होतो, हे कॅटलिन फौसी आणि लेरा बोरोडिट्स्की या संशोधिकांनी २०१० मध्ये मोजून दाखवले. एका उपाहारगृहात आग लागल्याची हकीकत त्यांनी दोन गटांना वाचायला दिली. एका हकिकतीत बाईने मेणबत्ती पाडली आणि रुमाल पेटवला, दुसरीत मेणबत्ती पडली आणि रुमाल पेटला. बाकी सारे तेच. त्या बाईने किती नुकसानभरपाई द्यावी असे विचारल्यावर ‘पाडली’ वाचलेल्यांनी ‘पडली’ वाचलेल्यांपेक्षा एक तृतीयांशाहून जास्त रक्कम सांगितली. दुसऱ्या एका प्रयोगात तर लोकांनी घटनेची चित्रफीतही पाहिली होती. तरीही सोबतच्या मजकुरातल्या क्रियापदाने त्यांचा दंडाचा आकडा हलवला. डोळ्यांनी पाहिलेलेही शब्दांच्या हुकमतीखाली येते.

त्याआधी १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या फिती दाखवून वेग विचारला होता. ‘गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा वेग किती होता?’ असे विचारले तर सरासरी उत्तर ताशी सुमारे ४१ मैल. ‘एकमेकींना लागल्या’ असे विचारले तर सुमारे ३२. आणखी एका प्रयोगात आठवड्यानंतर विचारले, फुटलेल्या काचा पाहिल्या का? फितीत काचा फुटलेल्या नव्हत्याच. ‘आदळल्या’ हे क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी मात्र त्या पाहिल्याचे सांगितले. सौम्य क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी.

आता १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांकडे वळू. जमिनीला योग्य मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले होते. दि. बा. जासईचे, शेतकरी कामगार पक्षाचे. दास्तान फाटा आणि नवघर इथे पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच शेतकरी ठार झाले. आज या घटनेविषयी लिहिताना बहुतेक जण ‘गोळीबार झाला’ आणि ‘पाच शेतकरी हुतात्मा झाले’ असे लिहितात. पहिल्या वाक्यातला कर्ता कुठे गेला ते आपल्याला आता दिसते. दुसरे वाक्य मात्र थांबून पाहण्यासारखे आहे, कारण ते प्रेमाने आणि आदराने लिहिले जाते. हुतात्मा म्हणजे ज्याने स्वतःची आहुती दिली तो. शब्दाने मेलेल्या माणसाला मोठे केले, मरण त्याच्या स्वाधीन केले. आणि गोळी झाडणारा त्या शब्दातूनही निसटला. दरवर्षी जानेवारीत अभिवादन होते, भाषणे होतात. वर्तमानपत्रांतल्या बातमीत पोलीस हा शब्द शोधावा लागतो. अर्थात, ‘हुतात्मा’ टाकून ‘ठार झालेले’ म्हणा असे मी त्या घरांतल्या कोणाला सांगणार नाही. त्या शब्दाने पुढच्या आंदोलनांना जे बळ दिले ते ‘ठार’ने दिले नसते.

‘प्रकल्पग्रस्त’ या शब्दाची तऱ्हाही अशीच दुहेरी आहे. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त यांच्या रांगेत तो बसला आहे. म्हणजे प्रकल्प हा जणू आकाशातून कोसळतो. त्याची फाइल नसते, तिच्यावर कोणाची सही नसते. पण लोकांनी हा शब्द उचलला आणि हक्काचा केला. प्रकल्पग्रस्त दाखला घरात जपून ठेवला जातो, कारण सरकारी नोकरीतल्या आरक्षणाची दारे त्याने उघडतात. सहानुभूतीसाठी घडवलेला शब्द दावा सांगायला वापरला गेला. शब्दांच्या बाबतीत घडवणाऱ्यापेक्षा वापरणारा कधी कधी वरचढ ठरतो.

त्या आंदोलनातून पुढे ‘साडेबारा टक्के’ आले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड शेतकऱ्याला परत द्यायचा, असा निर्णय १९९० मध्ये झाला आणि १९९४ मध्ये त्यात सुधारणा झाली. देशातल्या कितीतरी ठिकाणी रोख रकमेवर बोळवण होत असताना इथल्या शेतकऱ्यांनी विकसित जमिनीत वाटा मिळवला, ही लढ्याची कमाई आहे आणि तिला कमी लेखू नये. ‘आमचे साडेबारा अजून यायचेत’, ‘हा साडेबाराचा प्लॉट’, असे त्या आकड्याचे आता नामच झाले आहे.

पण आकडाही एक शब्दच असतो. अॅमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन यांचा १९८१ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. ६०० लोकांचा जीव धोक्यात आहे, उपाय दोन. ‘पहिल्याने २०० जण वाचतील’ असे सांगितले तेव्हा ७२ टक्के लोकांनी तो निवडला. तोच उपाय ‘४०० जण मरतील’ अशा शब्दांत सांगितला तेव्हा फक्त २२ टक्क्यांनी. दोन्ही वाक्यांचे गणित एकच. साडेबारा टक्के ‘मिळाले’ या वाक्याची दुसरी बाजू साडेसत्याऐंशी टक्के ‘राहिले’ ही आहे, आणि ती बाजू कोणी आकडा म्हणून उच्चारल्याचे ऐकिवात नाही. आतला हिशेबही पाहा. साडेबारातून सामाजिक सुविधांसाठी म्हणून पावणेचार टक्के वजा होतात, हातात उरतात पावणेनऊ. एका एकराचे म्हणजे ४० गुंठ्यांचे साडेबारा टक्के ५ गुंठे, प्रत्यक्षात साडेतीन. योजना तरीही ‘साडेबारा टक्के’च. म्हणून तर ‘पावणेचार टक्के’ ही इथल्या आंदोलनांतली स्वतंत्र मागणी झाली. कापलेल्या तुकड्याला स्वतःचे नाव मिळाल्यावरच तो दिसू लागला.

माझ्या मते या परिसराने मराठीला दिलेला सर्वांत चतुर शब्द मात्र वेगळाच आहे: ‘गरजेपोटी’. गावठाणाची हद्द जुन्या मोजणीत ठरली ती ठरली. घरे वाढली, भाऊ वेगळे झाले, मुलांची लग्ने झाली आणि संपादित जमिनीवर बांधकामे उभी राहिली. त्यांना ‘अतिक्रमण’ म्हणा, आणि वाचकाला चाल करून आलेला दिसतो. ‘अनधिकृत’ म्हणा, आणि परवाना न घेतलेला दिसतो. ‘गरजेपोटी केलेली बांधकामे’ म्हणा, आणि दिसते एक भरलेले घर. अतिक्रमणावर उपाय बुलडोझर. गरजेवर उपाय नियमितीकरण. आंदोलनातला हा शब्द शासन निर्णयांत जाऊन बसला, २०२२ च्या निर्णयातही तो आहे. एका शब्दयोगी अव्ययाने बुलडोझर थांबवल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. पण जो शब्द चालतो त्याच्या आडोशाला गर्दीही होते. भावांच्या खोल्यांइतकेच भाड्याने देण्यासाठी चढवलेले बहुमजली इमलेही त्याच शब्दात शिरले. कोणाची गरज, हे ‘गरजेपोटी’ विचारत नाही. शब्दाची खरी ताकद तीच आणि खोटही तीच.

बिल्डरांच्या जाहिराती मी इथे थोडक्यात उरकतो, कारण त्यांच्यात लपवाछपवी फार उघड असते. अंतर किलोमीटरमध्ये कधीच नसते, मिनिटांत असते; आणि ती मिनिटे कोणत्या वेळची, हे कंटेनरच्या रांगेत अडकल्यावर कळते. १२ जानेवारी २०२४ रोजीच उद्घाटन झालेल्या अटल सेतूने तर मिनिटांचा हा बाजार तेजीत आणला. गंमत वाटते ती सरकारी नावाची. नवी मुंबई विमानतळाच्या भोवतालच्या क्षेत्रासाठी २०१३ मध्ये सिडकोला नियोजनाचे अधिकार मिळाले. त्या क्षेत्राच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून बनले ‘नैना’. इतके गोड नाव. त्याच्याविरुद्ध मोर्चा काढणाऱ्या शेतकऱ्याला घोषणेत ते उच्चारावे लागते आणि दूरच्या वाचकाला, हे लोक नैनाला विरोध का करताहेत, असे वाटून जाते. ‘प्रभावित अधिसूचित क्षेत्र’ असे पूर्ण लिहिले, तर ‘प्रभावित’ या शब्दाशी तरी तो अडखळला असता.

ऑक्टोबर २०२४ मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण नेमले गेले. कागदावर त्याचे नाव कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर आहे, म्हणजे गावांची नावे निदान शाबूत आहेत. त्यांतले चिरनेर १९३० च्या जंगल सत्याग्रहाचे. पण वर्तमानपत्रांनी आणि मंत्र्यांनी त्याला केव्हाच ‘तिसरी मुंबई’ करून टाकले. हा क्रमवाचक शब्द बारकाईने पाहण्यासारखा आहे. ‘नवीन शहर हवे का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर असू शकते. ‘तिसरी’ म्हटल्यावर पहिली आणि दुसरी होऊन गेलेल्या असतात, मोजणी सुरू झालेली असते आणि चर्चा उरते ती फक्त दराची. तिकडे पालघर जिल्ह्यात ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्या किनाऱ्यासाठी ‘चौथी मुंबई’ हा शब्द भाषणांतून येऊनही गेला आहे. तिथल्या गावांच्या सात-बारावर अजून जुनीच नावे आहेत.